मोकळं मोजणारे नाना

सात महिने रोज सकाळी एक इंग्रजी ओळ माझ्या पडद्यावर यायची आणि ती आली की मला बरं वाटायचं. प्रोग्रॅम सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावत, त्यांत मधेच ती दिसे. ती दिसली म्हणजे सगळं सुरळीत आहे, असा माझा समज. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपतीचं नाव असतं, ते कोणी वाचत नाही, पण नसलं तर चुकल्यासारखं होतं, तसंच. नवीन माणसांनाही मी हेच शिकवायचे, की ही ओळ येऊ द्या आणि मगच कामाला हात लावा. त्या ओळीचा अर्थ असा होता: 'कनेक्शनचा जो साठा मी वापरतो आहे तो माझ्या अंगचा, चाचणीपुरता आहे. खऱ्या कामाला वापरू नये.' शेवटी उद्गारचिन्हसुद्धा होतं. मला ते उत्साहाचं वाटलं.

माझी सून पुण्याला याच धंद्यात आहे. तिला हे सांगितलं तेव्हा तिनं आधी दार लावून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, हे कुणाला सांगू नका." म्हणून लिहून काढते आहे.

ही ओळ पहिल्यांदा वाचली ती आमच्या ऑफिसातल्या नानांनी. नाना सगळं वाचत. बसचं तिकीट पाठपोट वाचत, काडेपेटी वाचत, औषधाच्या पाकिटातला तो घडी घातलेला पातळ कागद वाचत. पडद्यावर कंपनीचं नाव, हक्क राखीव, असं काही आलं तर तेही मोठ्यानं वाचत, अगदी शांतपणे, जणू कोणी तरी ते लिहिलं आहे तर कोणी तरी वाचायला नको का. मला त्याची मनापासून चीड यायची.

मी तेव्हा एकोणचाळीसची होते. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात, मुलगा कॉलेजात, आणि मी भुसावळला कॉम्प्युटरचा कोर्स करून जळगावात नोकरीला लागलेली. वसाहतीत बाकीच्या बायका लोणची-पापडाचं बोलत तेव्हा मी 'आमचा डेटाबेस' असं म्हणायचे आणि पुढे काही न बोलता दूर बघायचे. बसमध्ये एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उभं धरून बसायचे, मुखपृष्ठ लोकांकडे. पहिली वीस पानं मी त्यातली खरंच वाचली होती. त्या पुढच्या पानांवर त्या ओळीबद्दल सविस्तर लिहिलेलं होतं, हे मला पुढे कळलं.

आमचं ऑफिस जळगावात एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. दुकान शेठच्या वडिलांचं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. शेठनं वर सॉफ्टवेअर काढलं. खाली कोणी पातेलं वाजवून बघितलं की वर आम्हाला ऐकू यायचं. आम्ही पाच जण होतो आणि नाना सहावे. शेठनं त्यांना वायरी, फोनलाइनी आणि सर्व्हर सांभाळायला ठेवलं होतं. धुळ्याहून रोज एसटीनं येत, रोज जात. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी उमर गेली होती. ऑपरेटर म्हणून लागले, पुढे यंत्रं आली, ऑपरेटरांचं काम गेलं, यांना तक्रारीच्या टेबलावर बसवलं. तिथे त्यांचा जीव रमेना म्हणून मुदतीआधीच निवृत्ती घेतली. प्रोग्रॅम लिहायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आमचे प्रोग्रॅम ते कागदावर छापून घेत आणि गच्चीवर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत. मी म्हणायचे, म्हाताऱ्याला विरंगुळा.

त्यांचा एक्स्चेंजमधला एक रोग मात्र तसाच राहिला होता. ते मोकळं मोजत. कुठेही गेले की आधी उभे राहून बघत की इथे रिकामं काय आहे. केशकर्तनालयात खुर्च्या किती ते नाही. केस कापणाऱ्याचे हात किती वेळ मोकळे. भाजीबाजारात किती तराजू नुसते लोंबताहेत. आमच्याकडच्या एका मुलाच्या लग्नाला जामनेरला गेलो होतो, तिथे पंगतीत सगळे ओरडत होते की वरण येत नाही, वाढपी कमी पडले. नाना उठले, मांडवात एक फेरी मारली आणि यजमानाला सांगून आले की वाढपी पुरेसे आहेत, पण वरणाची बादली धरलेला एक जण तिसऱ्या रांगेत नातलगाशी बोलतोय. त्याला नुसतं हलवा. खरंच, हलवल्यावर वरण आलं. शेठ म्हणाले, काका, तुम्ही जेवायला आलात की तपासायला? नाना म्हणाले, जेवतो ना, वरण येऊ तर द्या.

हातात पेन धरून कोणी नुसता विचार करत बसला की नाना ते पेन अलगद काढून घेत आणि ज्याला लिहायचं आहे त्याला देत. माझ्याकडून त्यांनी असं किती वेळा काढून घेतलं असेल. मी विचार करताना पेन धरायचे, म्हणजे विचार करते आहे असं दिसायचं.

आणि फोन. फोनवर नाना काम झालं की ठेवून देत. 'बरं', 'येतो', 'काळजी घ्या' असलं काही नाही. वाक्य संपलं की खट. त्यांच्या घरून फोन आला तरी तेच. 'आणि बाकी काय?' या तीन शब्दांवर त्यांचा विशेष राग होता. म्हणायचे, धुळ्याहून मुंबईला जायला मोजक्या लाइनी होत्या, आणि त्यातली एक कायम कुणाच्या तरी 'आणि बाकी काय'मध्ये अडकलेली असायची. तिकडे कुणाची बाई अडलेली, कुणाचा माल अडलेला, आणि हे दोघं एकमेकांना विचारताहेत, आणि बाकी काय, तुमचं काय. असं सांगताना त्यांचा आवाज चढत नसे, पण अहिराणी सुरू होई. त्यावरून कळायचं.

एवढ्या मोकळं मोजणाऱ्या माणसाचं माझ्या प्रोग्रॅमशी कधी तरी जुळणार होतंच. ते चोपड्याच्या केळीवरून जुळलं.

चोपड्याकडे केळी उत्पादकांची एक संस्था होती, तिचा प्रोग्रॅम मी केला होता. मी, एकटीनं, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे आणि आता नाइलाजानं सांगते. ट्रॅक्टर भरून केळी संस्थेच्या केंद्रावर येत आणि तिथून ट्रकनं दिल्लीला जात; त्यांचं वजन, जात, शेतकऱ्याचं नाव, ट्रकचा नंबर कॉम्प्युटरवर भरला की एक चिठ्ठी छापून येई. चिठ्ठी मिळाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नसे. सुरुवातीला तीन केंद्रं होती आणि सगळं झकास चाललं. एप्रिलात केंद्रं अकरा झाली, सगळी फोनलाइनीवरून चोपड्याच्या एका सर्व्हरशी बोलणारी, आणि सकाळी सात ते दहाच्या गर्दीत माझा प्रोग्रॅम गोगलगाय झाला. मे महिना तोंडावर. कापलेला घड उन्हात थांबत नाही. ट्रॉलीत तो आतून तापतो आणि दिल्लीला पोचेपर्यंत पिवळा होऊन बसतो.

चोपड्याच्या मुख्य फाटकावर कॉम्प्युटरला एक बाई बसायची. पंचविशीची असेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची, पावसावरच्या ज्वारीचं घर. खुर्चीत बसून काम करणारी घरातली ती पहिली. तिची आई एकदा फक्त ती बसते कशी हे बघायला आली होती, म्हणे. ही बाई रोज सकाळी मला फोन करायची. "अक्का, पडदा फिरीच राहिना. बठ्ठा ट्रॅक्टर रस्तावर उभा शेतस." म्हणजे पडद्यावर नुसतं चाक फिरतंय आणि सगळे ट्रॅक्टर रस्त्यावर उभे. मी तिला सांगायचे की बटण पुन्हा दाब. ती पुन्हा दाबायची. अकरा केंद्रांवर अकरा जण पुन्हा दाबायचे.

एका गुरुवारी तिनं फोन केला तेव्हा पडद्याचं काही बोललीच नाही. संस्थेनं ठरवलं होतं, सोमवारी सकाळी जर पुन्हा रांग लागली तर मंगळवारपासून रजिस्टर. रजिस्टर लिहायला जुना माणूस होताच, संचालकांपैकी एकाचा चुलतभाऊ, घरी बसून वाटच बघत होता. रजिस्टर आलं की त्याची जागा आली आणि हिची गेली. हे तिनं मला हवामान सांगावं तसं सांगितलं. तक्रार नाही, रडणं नाही. मला वाटलं होतं ती रागावेल, म्हणजे मलाही रागावता आलं असतं.

मी फोन ठेवून माझ्या हुशारीनं कामाला लागले. नाना शेजारी उभे राहून माझा प्रोग्रॅम सुरू होताना बघत होते; एरवी त्यांची एसटी येईपर्यंत तो सुरू झालेला असे. ओळी धावल्या. नाना वाचत गेले, मोठ्यानं, आणि त्या ओळीपाशी थांबले. दुसऱ्यांदा वाचली.

"अक्का," ते म्हणाले. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण बायका सगळ्या अक्का. "हे यंत्र रोज सकाळी म्हणतं, मला या कामाला लावू नका. आणि तुम्ही रोज लावता. का?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मी ओळ वाचली. आयुष्यात पहिल्यांदा. कानशिलं तापली ती मला अजून आठवतात. मग मी जे म्हणाले तेही आठवतं, दुर्दैवानं. मी म्हणाले, "ते माहीत आहे मला."

नानांना मग मीच समजावून सांगितलं, म्हणजे तोवर मला समजलेलं तेवढं. प्रोग्रॅमला डेटाबेसशी बोलायचं तर आधी कनेक्शन जोडावं लागतं. नाव सांगा, पासवर्ड सांगा, ओळख पटवा. जोडायला वेळ लागतो, बोलायला लागत नाही. म्हणून फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर मी प्रोग्रॅम उभा केला होता ते, काही कनेक्शनं जोडून तयार ठेवतं, आली मागणी की त्यातलं एक देतं, काम झालं की परत घेतं. त्याच्या अंगचा जो साठा असतो तो अगदी चिमुकला. त्यापलीकडे मागणी गेली की दर वेळी नवं जोडा, वापरा, फेकून द्या. नाना म्हणाले, म्हणजे आमची मुंबईची ट्रंक लाइन. म्हटलं, काय ते म्हणा. आणि मी साठ्याचा आकडा दोनशे केला.

का दोनशे? कमी पडतंय तर वाढवा. आपल्याकडे पाहुणे वाढले तर पोळ्या वाढवतात. नाना नुसतं विचारत होते की दोनशे कशावरून, मोजलं का. मी म्हटलं, नाना, हे टेलिफोन नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता चोपड्याचा सर्व्हर पूर्ण आडवा झाला. हळू होता तो आता बंदच पडला. दर वेळी पुन्हा दाबलेल्या बटणानं एक नवं कनेक्शन घेतलं होतं, आता घ्यायला मुबलक होती, आणि एवढी सगळी एकदम अंगावर आल्यावर बिचाऱ्या डेटाबेसला कुणाचंच धड ऐकता येईना. फाटकावरच्या बाईचा फोन आला. मी तो उचलला नाही. नानांनी उचलला. त्यांनी तिला म्हटलं, "चूक आमची आहे, तुमच्या बोटाची नाही. उद्या येतो." आणि खट.

रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही चोपड्याला गेलो. तापीचा पूल ओलांडला तेव्हा नाना खिडकीतून नदी बघत होते आणि मी आमच्या नोकरीचा अंत बघत होते. केळी रविवारीही येते. मी सरळ सर्व्हरच्या खोलीकडे निघाले तर नाना फाटकाजवळच्या निंबाखाली थांबले, खिशातून थांबवता येणारं घड्याळ काढलं, एक्स्चेंजमधलं, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, मोजा.

काय मोजू?

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही बाई एका चिठ्ठीला एकूण किती वेळ घेते. दोन, त्यात डेटाबेसशी बोलणं किती. मी तिच्या मागे उभी राहिले. ट्रॅक्टर आला. तिनं नाव विचारलं. ट्रॅक्टरवाल्यानं नाव सांगून वर विचारलं की तुझ्या वडलांचा गुडघा कसा आहे. तिनं सांगितलं. माल ज्यात चढायचा त्या ट्रकचा नंबर विचारला, तो धुळीनं बुजलेला, म्हणून कोणी तरी खाली उतरून पुसून आलं. केळीची जात कुठली, घड किती, ओळखीचं निघालं कुणी तरी. असं करत साडेतीन मिनिटं गेली. त्यातला डेटाबेसचा भाग? दोनदा मिळून डोळ्याची पापणी लवते तेवढा. मी पाच ट्रॅक्टर मोजले, मग दहा, मग मला मजाच यायला लागली. हे असं खरंच बघण्यासारखं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी रोज ज्याच्याबद्दल दूर बघत बोलायचे ते माझ्या समोर चाललं होतं आणि मी ते पहिल्यांदा बघत होते.

मग मी माझा प्रोग्रॅम आठवला आणि घड्याळ थांबवायचं विसरले. मी कनेक्शन घेत होते पडदा उघडल्याबरोबर, आणि परत देत होते चिठ्ठी छापल्यावर. गुडघ्याची चौकशी होईपर्यंत, नंबर पुसून होईपर्यंत, अख्खी साडेतीन मिनिटं मी कनेक्शन हातात धरून बसलेली.

नाना निंबाखाली केळं सोलत होते. माझ्याकडे बघून त्यांना कळलं असावं.

"सापडलं?"

"मी लाइन धरून बसलेय, नाना."

"धरून बसलात ना," ते म्हणाले. "आते सोडा."

दिवसभर आम्ही बसलो. अंगचा साठा काढून टाकला आणि कनेक्शनं राखण्याचंच काम करणारं, फुकटात मिळणारं वेगळं साधन जोडलं. प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे मी कनेक्शन धरलं होतं तिथे तिथे ते वापरण्यापुरतंच घ्यायचं असं केलं. आकड्यावर आमचं भांडण झालं. नाना म्हणाले आठ. मी म्हटलं, अकरा केंद्रांना आठ? लोक काय म्हणतील? ते म्हणाले, धुळ्यात टेलिफोन किती होते आणि मुंबईच्या लाइनी किती, हे मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही झोपणार नाही. नववा आला तर पापणी लवेपर्यंत थांबेल. शिवाय एक गोष्ट त्यांनी हट्टानं करायला लावली: साठ्यातलं कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासायचं. एक्स्चेंजमध्ये ते लाइन देण्याआधी कानाला लावून बघत. मेलेली लाइन जोडून दिली तर माणूस तिकडे हॅलो हॅलो करत बसतो, आणि त्याला वाटतं समोरचा बोलत नाही.

सोमवारी मी फाटकावर होते. सात वाजले, आठ वाजले. ट्रॅक्टर येत होते आणि जात होते. नऊच्या सुमाराला, एरवी जिथे रस्त्यापर्यंत रांग असायची तिथे, दोन ट्रॅक्टर होते आणि त्यातला एक बिडी ओढायला थांबलेला. रजिस्टरवाला चुलतभाऊ नवा सदरा घालून आला होता. दहा वाजेपर्यंत बसला, चहा घेतला आणि गेला.

पुढच्या महिन्यात संस्थेनं आमचा सत्कार केला. म्हणजे माझा. शेठनं व्यासपीठावर सांगितलं की मॅडमनी एका दिवसात प्रोग्रॅमचा वेग वाढवला. शाल आली, नारळ आला. मी शाल घेतली, आणि हेही लिहिते, की चेहरा जरा थकल्यासारखा केला. नाना मागच्या रांगेत होते आणि मला पक्कं माहीत आहे, रिकाम्या खुर्च्या मोजत होते.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले, म्हटलं, ही शाल तुमची आहे. ते म्हणाले, मला उकडतं. मग नेहमीसारखं न उठता थोडे थांबले. एक्स्चेंजमधली एक गोष्ट सांगितली. तिथे बाकीचे ऑपरेटर ताटकळलेल्या माणसाला 'लाइन मोकळी नाही' एवढंच सांगत. नाना कारण सांगत. नाशिकला वायर तुटली आहे, पुढचा बोलतो आहे, माझ्या हातून तुमचा नंबर चुकीचा लागला, जे असेल ते. ज्याला थांबवलं त्याला का थांबवलं हे कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "शाल ठेवा तुम्ही," ते म्हणाले. "पण त्या बाईला सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं की केंद्रं वाढली म्हणून यंत्र दमलं होतं. मीच तसं म्हटलं होतं.

ती फाटकावरच होती, तिला सत्काराला कोणी बोलावलं नव्हतं. एक ट्रक गेला, दुसरा यायचा होता. मी शाल खांद्यावरून काढून हातात घेतली आणि सगळं सांगितलं. ती ओळ, सात महिने, दोनशेचा आकडा, न उचललेला फोन. केळी तापली ती माझ्यामुळे आणि तुझी जागा जाणार होती तीही माझ्यामुळे, असं स्पष्ट सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. छापलेली एक चिठ्ठी फाडून वेगळी केली, कडा बोटानं सारखी केली. मला वाटलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं, आपण मान खाली घालून उभं राहायचं.

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "नोकरी जाती ते मी तुमना घर यीसन जेवाले बसती, अक्का. सयपाक ते येस ना तुमले?"